वर्षाराणीचा ग

संयोगिता मॅडमनी व्हायोलिनचा क्लास गुरुवारी कायमचा बंद केला. पालकांच्या ग्रुपवर तसं लिहिलं. दोघांनी अंगठा दाखवला, एकीनं ‘अभिनंदन’ टाकलं. मग मॅडमनी तो मेसेज सगळ्यांसाठी पुसला. शुक्रवारी साडेपाचला, झालंगेलं काहीच नाही अशा चेहऱ्यानं, त्यांनी कसबा बावड्यात हंबीररावांच्या गोठ्याला लागून असलेल्या खोलीत सतरंजी अंथरली. पालकांनीही काही विचारलं नाही. पोरं तासभर घराबाहेर राहिली की त्यांचं भागत होतं.

भानगड वर्षाराणीची होती. वय वर्षं नऊ. दीड वर्ष तिचा ‘ग’ खाली लागत होता. रोज संध्याकाळी मॅडम ओरडायच्या, ग खाली, वर्षाराणी, ग वर घे. भिंतीपलीकडं धार काढणाऱ्या हंबीररावांनाही ते पाठ झालं होतं. आणि गेल्या सोमवारी तो लागला. बरोबर जागेवर. लागून तिथंच थांबला. मॅडमच्या अंगावर काटा आला आणि पाठोपाठ घाम फुटला.

कारण बरोबर लागला हे सांगत होतं कोण? मॅडमचा कान. त्या कानानं नऊ वर्षं, आठवड्याचे सहा दिवस, बेसूर पोरं ऐकली होती. आता पोरगी सुरात आली, की कानच तिच्यापर्यंत खाली उतरला?

कान तसा साधा नव्हता. अकरा वर्षं पॅसेंजरनं मिरजेला जाऊन कमावलेला. पहिलं वर्षभर गुरुजींनी एकाच तारेवर नुसता गज ओढायला लावला, डावा हात मांडीवर. मग हातकणंगल्याला गाडी क्रॉसिंगला थांबली की संयोगिता खिडकीच्या गजावर बोटं बसवून बघायची. समोरचे लोक जागा बदलायचे. अकरा वर्षांत गुरुजी एकदाच ‘वा’ म्हणाले, तेही चहाला. चुकलं की ते मान आडवी हलवायचे. बरोबर आलं की पुढचं सांगायचे. आता गुरुजीही नव्हते.

मॅडमनी इतरांना विचारून पाहिलं. वर्षाराणीची आई म्हणाली, फार छान वाजवते. पण ती हे पहिल्या दिवसापासून म्हणत होती आणि पहिल्या दिवशी व्हायोलिनला तारा अजून लावायच्याच होत्या. मग फोनवर सूर मोजणारं अ‍ॅप घेतलं. त्यानं वर्षाराणीच्या ‘ग’ला हिरवा दिवा दाखवला. तेवढ्यात गोठ्यातली चंद्री म्हैस रेकली. अ‍ॅपनं तिलाही हिरवा दिवा दाखवला.

बुधवारपर्यंत मॅडमना कुकरची शिट्टीसुद्धा सुरात वाटायला लागली. ज्याला ऐकू येत नाही त्यानं शिकवू नये, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून गुरुवारी क्लास बंद. आणि शुक्रवारी साडेपाच वाजले तसे हात आपोआप गजाला राळ लावायला लागले, म्हणून चालू.

त्याच शुक्रवारी हंबीरराव खिडकीत येऊन उभे राहिले. हातात बादली. वर्षाराणी वाजवत होती. त्यांनी ‘ग’ येईपर्यंत ऐकलं, मान आडवी हलवली आणि गेले. शनिवारी पुन्हा तेच. मॅडमचा जीव थाऱ्यावर राहिना. अशी मान त्यांनी अकरा वर्षं पाहिली होती. म्हणजे चुकतंय. हंबीररावांना ऐकू येतंय आणि आपल्याला येत नाही.

सोमवारी हंबीरराव खिडकी सोडून थेट दारात आले.

“मॅडम, पोरीला काय केलासा?”

“वाईट वाजवते का हो?” मॅडमनी विचारलं. मुलांनी गज खाली ठेवले.

“मला त्यातलं काय कळत न्हाय बघा. जिला कळतंय, तिच्या वतीनं अर्ज आणलाय.”

हंबीरराव तीस वर्षं दूध संस्थेचे सेक्रेटरी होते. त्यांना तोंडी काही मागता यायचं नाही. पोराकडं मोटरसायकल मागायची असली तरी ते अर्ज करायचे आणि पोरगं तो प्रलंबित ठेवायचं. याही कागदावर जावक क्रमांक होता.

मॅडमनी तो उभ्यानं वाचला. मग सतरंजीवर बसून वाचला. मग घडी घालून व्हायोलिनच्या पेटीत, मखमलीच्या खाली ठेवला आणि वर्षाराणीकडं वळून म्हणाल्या, “पुढचं घे. म.”

अर्ज असा होता :

“विषय : म्हैस चंद्री हिच्या दुधाबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून कळवितो की, सदर म्हैस संध्याकाळच्या धारेस आपल्या क्लासमधील कु. वर्षाराणी हिचा ग खाली लागला की पान्हा सोडत असे. दीड वर्षात एकदाही खाडा नाही. गेल्या सोमवारपासून सदर ग जागेवर गेला असून म्हैस कान टवकारून उभी राहते व थेंब देत नाही. इतर विद्यार्थ्यांचे वादन ऐकवून पाहिले, उपयोग झाला नाही. तरी सदर विद्यार्थिनीचा ग पूर्ववत खाली उतरवून मिळावा, ही नम्र विनंती.”