देवू पितो ती कॉफी

"हे तर ठिबक सिंचन झालं गं बाई," आई म्हणाल्या आणि पेल्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या गाळणीकडे वाकून बघू लागल्या. काळी कॉफी थेंबाथेंबाने खालच्या कन्डेन्स्ड मिल्कवर पडत होती.

शुभाने मांडीवरच्या आर्यचे हात पेल्यापासून लांब धरले. तिचा एक डोळा आर्यवर होता, एक सासूबाईंवर. ह्यूस्टनमधला हा त्यांचा दुसरा व्हिएतनामी कॅफे. काल फ्रिस्कोच्या घरून चार-पाच तास ड्राइव्ह करून दोघी आल्या होत्या त्या आईंच्या हट्टापायी. माझा देवू तिकडे व्हिएतनामला काय पितो, ते मला पिऊन बघायचंय.

देवदत्त तिकडे नव्हता. कुठेच नव्हता. मार्चमध्ये टोलवेवरच्या अपघातात तो गेला. आईंच्या हृदयाची आधीच ऑपरेशनं झालेली, म्हणून शुभाने नागपूरला कळवलं ते फक्त सासऱ्यांना. पुरुषोत्तमरावांनी अपघाताचं सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "हिला सांगू नकोस. ती जगायची नाही."

त्यानंतर बाबांचे फक्त मेसेज यायचे. बोलायला गेलं की रडू फुटतं, असं त्यांनी लिहिलं होतं. हिला तुझ्याकडे पाठवतो, तू एकटी राहू नकोस, हेही त्यांनीच लिहिलं. आई येणार म्हटल्यावर शुभाने देवदत्तला प्रोजेक्टवर व्हिएतनामला पाठवून दिलं.

"आज काही मेसेज नाही त्याचा," आई म्हणाल्या.

"येईल ना."

शुभाने डायपर बॅगेत हात घातला. तिथे देवदत्तचा फोन असायचा. टेबलाखाली टाइप करायची तिला आता सवय झाली होती. *आये, साखर सांभाळून.* तो आईला आयेच म्हणायचा.

समोर टिंग वाजलं. आईंनी चष्मा नाकावर ढकलला, वाचलं आणि हसल्या. "बघ! तिथून पण माझ्या साखरेवर लक्ष. झोपत नाही का गं हा? तिकडे रात्र असेल ना?"

शुभाने फोन बॅगेत खोल ढकलला. "प्रोजेक्टचं रिलीज आहे ना, आई. रात्रीच असतात त्यांची कामं."

"असतील बाप्पा." आईंनी घोट घेतला. "बासुंदीत कॉफी सांडल्यासारखी लागते. पण चालेल. चहाची आठवण तरी येत नाही."

नागपूरला दुपारचा चहा बाबा करायचे. इथे आल्यापासून आईंनी चहाला तोंड लावलं नव्हतं. ॲसिडिटी होते म्हणायच्या. सकाळी मात्र बाल्कनीत जाऊन त्या बाबांना फोन लावायच्या. फोन कानाला घट्ट दाबलेला. ऐकू यायच्या त्या फक्त आई. "गोळी घेतली का? ... बरं. ठेवते मग."

शुभाला देवदत्तच्या फोनची भीती वाटायला लागली होती. टाइप करताना शब्द आपोआप त्याचे यायचे, त्याच्या चुकांसकट. परवा ती भांडी घासत होती आणि बॅगेत फोन थरथरला. हात तसेच साबणाचे घेऊन ती धावली. आला त्याचा मेसेज, असंच वाटलं होतं तिला. आईंनी त्याला गुड नाइटचं फूल पाठवलं होतं.

तिसरा कॅफे त्याच रस्त्यावर, एका लाँड्रीच्या शेजारी होता. पोचेपर्यंत आर्यने डायपर भरला.

"जा तू याला घेऊन, मी ऑर्डर करते," आई म्हणाल्या. "मला येतं आता."

"आई, कुठे जाऊ नका हं. दारापाशी बसू नका. आणि पर्स..."

"मी काय आर्य आहे का गं? जा." पर्स तेवढी त्यांनी छातीशी धरली.

बाथरूममध्ये आर्यला पुसताना शुभाचा स्वतःचा फोन वाजला. बाबा होते.

*हिला काही कळलं नाही ना गं पोरी?*

तिने ओल्या अंगठ्याने लिहिलं, *नाही बाबा. खूश आहेत त्या.*

लगेच उत्तर आलं. *आणि तू? नीट जेवतेस का?*

शुभाचे डोळे भरून आले. तिला असं विचारणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. तिने आर्यचे कपडे चढवले, त्याचे हात धुतले, स्वतःचं तोंड धुतलं आणि ती बाहेर आली.

आई टेबलावर नव्हत्या.

तिने आधी दाराकडे बघितलं. मग त्या दिसल्या, काउंटरच्या टोकाला. तिथल्या भिंतीवर एक फळी होती. फळीवर एका म्हाताऱ्याचा फोटो, संत्री, जळती उदबत्ती आणि वाफाळता कप. कॅफेची मालकीण आईंना समजावून सांगत होती, "माय फादर. ही डाइड. एव्हरी मॉर्निंग, फर्स्ट कॉफी फॉर हिम."

आईंनी मान हलवली. त्यांच्या हातात ट्रे होता, त्यात दोन कप आणि कपांशेजारी बाबांचा फोन. "आय कीप हिअर? प्लीज?"

मालकिणीने संत्री बाजूला सरकवून जागा केली. "फॉर हू?"

आईंनी पहिला कप फळीवर ठेवला. "माय सन." मग ओढणीच्या टोकाने बोटं पुसली आणि दुसरा कप त्याला लागूनच ठेवला. "अँड धिस वन, हिज फादर."