वाचनालयातल्या पाच जणी

पडदा सरकला आणि टाळ्या झाल्या. कॉलेजच्या वाचनालयाच्या भिंतीवर नवा संगमरवरी फलक होता. मथळा होता 'आमची भूषणं', खाली बारा नावं. सहावं नाव शामलाताईंचं: निवृत्त जिल्हा न्यायाधीश, बी. ए. १९७१.

प्राचार्य राघव शाल उलगडून उभे राहिले. शामलाताई फलकापाशीच थांबल्या. बोट फिरवत त्यांनी बाराही नावं दोनदा वाचली.

"लीला कुठंय? शांता, मंदा, सीमंतिनी?"

"कोण, ताई?"

"माझ्या वर्गातल्या."

सूत्रसंचालन करणाऱ्या गरिमाने जुनं रजिस्टर चाळलं. "मॅम, नावं आहेत, पण सेकंड ईयरमध्येच कटून गेलीत. और ये लिस्ट तो ग्रॅज्युएट्स की है ना."

लाल रेघेने कापलेली चार नावं. शामलाताईंना ती रेघ आठवत होती.

तेव्हा या वाचनालयात मुलींना बसू देत नसत. मुलींनी व्हरांड्यात उभं राहायचं, खिडकीतून चिठ्ठी द्यायची. शिपाई आतून पुस्तक आणून देई. ग्वाल्हेरची डिसेंबरची थंडी. बोटं अशी आखडत की पान उलटत नसे. एका सकाळी पाच जणी सरळ आत शिरल्या आणि मधल्या टेबलाशी बसल्या. मुलं उठून गेली. पाच जणी संध्याकाळपर्यंत वाचत राहिल्या. आठ दिवसांनी रजिस्टरवर रेघा पडल्या.

शांताला त्याच महिन्यात उजवून टाकलं. मंदा नया बाजारात शिवणयंत्रावर बसली. सीमंतिनी आता नाही. लीलाने दाना ओली मोहल्ल्यात घरोघरच्या मुलींना अक्षरं शिकवली, हातात प्रमाणपत्र नसताना. आणि पुढच्या जुलैत कॉलेजने तो नियम गुपचूप काढून टाकला. तेव्हापासून मुली आत बसतात.

"यांची नावं लावा," शामलाताई म्हणाल्या.

राघव अवघडले. "ताई, डिग्रीशिवाय कसं जमेल? कमिटी नाही म्हणेल."

शेवटच्या रांगेतून लीलाताईंचा आवाज आला. आज शामलाताईच त्यांना आग्रहाने गाडीत घालून घेऊन आल्या होत्या. "शामे, लोकांना ताटकळत नको ठेवूस! शाल घे आणि खाली ये. समोसे गार होतायत."

सगळे हसले. राघवही हसले. "बघा, त्याच म्हणतायत!"

"लीले, तू मला अडवू नकोस," शामलाताई म्हणाल्या. मग राघवांकडे वळल्या. "त्या चौघी यादीत येत नसतील, तर मी त्यांच्या यादीत जाते. एक कोरा कागद द्या."

"कशाला, ताई?"

"अर्ज लिहायचाय. जन्मभर लोकांचे वाचले."

त्या मधल्या टेबलाशी बसल्या. अक्षर न्यायालयातल्यासारखंच सरळ आलं. सही करून त्यांनी कागद गरिमापुढे धरला. "माईकवर वाच. मोठ्याने."

गरिमा वाचू लागली. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज बारीक झाला. शामलाताईंनी मान हलवली, तशी तिने पुन्हा पहिल्यापासून, खणखणीत वाचलं:

"मा. प्राचार्य यांस. वाचनालयात बसल्याबद्दल आम्हा पाच जणींकडे माफीनामा मागितला होता. चौघींनी दिला नाही. डिसेंबर १९६९ मध्ये मी एकटीने दिलेला माफीनामा आज मागे घेत आहे. त्यांच्यावर झाली तीच कारवाई माझ्यावर व्हावी."