रॅकवरचा हात

एकट्या राहणाऱ्या बाबांना मी भंगारातल्या फळ्या आणि एलईडी पट्ट्या जोडून रोपांसाठी रॅक करून दिला. "रोपांवर लक्ष राहील," म्हणत समोर जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावला. रोज सकाळी आठला टायमरवर दिवे लागायचे आणि पाठोपाठ माझ्या फोनवर पाणी फवारणारा बाबांचा हात दिसायचा. तेवढं पाहून मी निर्धास्त कामाला जायचे.

आज दिवे लागले, पण हात आलाच नाही. नऊ वाजले, दहा वाजले. बाबांचा फोन नुसता वाजत राहिला. तासभर गाडी हाकत पोचले आणि दारात किल्ली फिरवली.

बाबा खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

"आलीस? महिनाभर 'ये, ये' म्हणतोय. शेवटी बिचाऱ्या रोपांना तहानलेलं ठेवावं लागलं!"