मांजराचा आग्रह

आचाऱ्याने अंगठ्याएवढ्या भाताच्या मुदीवर गुलाबी माशाचा काप ठेवला, दोन बोटांनी हलकेच दाबला आणि मूद प्रतापरावांच्या पुढ्यातल्या काळ्या दगडी पाटीवर सरकवली.

"हा शिजायचा राहिलाय," प्रतापराव म्हणाले.

"बाबा, सुशी आहे. अशीच असते," आसावरी म्हणाली. "नाहीतरी गुरुवारी चाललाच आहात. माझ्यासाठी एक खा."

गुरुवारचं तिकीट त्यांनी स्वतः हट्टाने बदलून घेतलं होतं, दोन महिने अलीकडे. अमेरिकेत ईडन प्रेरीला लेकीकडे आल्यापासून पाच आठवड्यांत पट्टा तीन भोकं आत गेला होता. बाबांची भूकच मेलीय, असं आसावरी सगळ्यांना सांगायची. रोज ती विचारायची, "बाबा, अजून पोळी?" ते म्हणायचे, "नको." ती डबा बंद करायची.

सुशी लाउंजच्या काउंटरवर चिनी मातीचं पांढरं मांजर एक पंजा हलवत बसलं होतं. दहा वर्षांची रुही म्हणाली, "आजोबा, लुक! कॅट तुम्हाला बाय करतेय."

प्रतापरावांनी मूद तोंडात टाकली आणि चावता चावता थांबले. अलिबागचा माणूस. सत्तर वर्षं मासा खाल्ला होता, समुद्र आज पहिल्यांदा खाल्ला.

आचाऱ्याने दुसरी मूद उचलली.

"नको," प्रतापराव म्हणाले.

म्हातारा जपानी आचारी थबकला. त्याचा चेहरा उजळला. "नेको!" त्याने मांजराकडे बोट दाखवलं. "येस, येस, नेको!" कमरेत वाकून त्याने मूद वाढली.

"जपानीत नेको म्हणजे कॅट," रुही कुजबुजली.

मूद गेली. तिसरी आली.

"नको, नको."

"नेको, नेको!"

इथला रिवाज असा, की पाहुणा 'स्टॉप' म्हणेपर्यंत आचाऱ्याने वाढत राहायचं. प्रतापराव 'नको'शिवाय काही म्हणेनात. तेराव्या मुदीला शेजारच्या जोडप्याने आपल्या काड्या खाली ठेवल्या. एकोणिसाव्याला निळ्या दिव्यांखालचं संगीत बंद झालं. साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतणारीने त्यांचा पेला काठावरून खालच्या चौकोनी लाकडी वाटीत सांडेपर्यंत भरला. "हं, याला म्हणतात वाढणं," प्रतापराव म्हणाले. पंचविसाव्या मुदीपर्यंत पट्ट्याची तिन्ही भोकं मुकाट्याने परत आली होती. बाहेर पडणारा बर्फसुद्धा खिडकीशी रेंगाळत होता. ज्यांना हे खोटं वाटतं, ते तिथे नव्हते.

एकतिसाव्या मुदीला प्रतापरावांनी दोन्ही हात पाटीवर आडवे धरले, पंगतीत धरतात तसे.

"अहो, आता खरंच नको!"

आचाऱ्याने त्या हातांकडे पाहिलं. सगळं लाउंज श्वास रोखून होतं. मग त्याने मूद बोटांच्या फटीतून अलगद आत सरकवली.

प्रतापरावांचे हात तिथेच राहिले. डोळ्यांना पाणी आलं.

"वसाबी झोंबली का बाबा?"

"तुझी आई अशीच वाढायची," ते म्हणाले. "फटीतून."

पाच आठवडे रोज लावलेल्या झाकणांचा टक् टक् आवाज आसावरीला एकदम ऐकू आला.

"कॅट अजून बाय करतेय," रुही म्हणाली.

"बाय कसलं? तळवा बघ तिचा, खाली आहे." घास गिळून प्रतापरावांनी तसाच पंजा हलवून दाखवला. "आपल्याकडे असं बोलावतात. ये, बस, म्हणतेय ती."

आसावरीने फोन काढला.

"बाबा, गुरुवारचं तिकीट कॅन्सल करू?"

"नको."

तिने एकदा मांजराकडे पाहिलं आणि बटण दाबलं.