अज्ञात सरदार

"हा अज्ञात सरदार. सतराशे ऐंशीत शत्रूशी लढता लढता धारातीर्थी पडला," संग्रहालयाच्या बाई शाळेच्या पोरांना चित्र दाखवत होत्या.

"सरदार कसला! हे माझे आजोबा आहेत," शेजारी उभ्या आजोबांचा हात धरून मी ओरडले. "पन्नास वर्षांपूर्वी कलाशाळेत पोरांसमोर बसायचे, भाड्याची पगडी घालून. पाटीवर त्यांचं नाव लिहा."

"कितवीत आहेस गं तू?" बाईंनी कुत्सितपणे विचारलं.

माझं डोकंच फिरलं. "शाळा सोडलीय, डोळे नाही. सरदाराचं मनगट बघा की! सगळा हात उन्हानं काळा आणि तेवढाच पट्टा गोरा. घड्याळ काढून बसले होते ते!"

पोरं खिदळली. बाईंनी चित्राला नाक टेकवलं, मग आजोबांचं मनगट बघितलं. चेहराच उतरला त्यांचा. पेन काढून म्हणाल्या, "नाव सांगा, आजोबा."

पाटीवर नाव लागणार म्हणून आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. तेवढ्यात एक बारकं पोरगं रडवेलं होऊन म्हणालं, "म्हणजे तुम्ही लढला नाही?"

आजोबांनी त्याच्याकडं बघितलं. बाही ओढून घड्याळ झाकलं, मिशीला पीळ दिला. "बाई, पाटी राहू द्या तशीच. जन्मभर लोकांच्या वरातीत ढोल बडवला, कुणी तोंडाकडं बघितलं नाही. इथं निदान रुबाबात मेलोय."

"आणि मी एवढी भांडले ते?"

"तू आजीला फोन लाव. म्हणावं, आजोबा लढाईत गेले, पण जेवायला येतायत."