मरायला उत्सुक महिषासुर

उमाकांतला आज काहीही करून देवीच्या हातून मरायचं होतं! दरवेळी व्हायचं काय, झांजा कडाडल्या की त्याची अर्धशिशी उठायची आणि दशावतारी नाटकातला हा महिषासुर डोकं धरून मधेच पळायचा. मग देवी त्रिशूळ घेऊन एकटीच नाचत बसायची. पण आता आरोग्य केंद्रात अर्धशिशीवर जन्मभर पुरणारी बोटॉक्सची नवी सुई आली होती. उमाकांतने ती लगेच टोचून घेतली. दुखणं पळालं, पण कपाळ झालं गुळगुळीत! आठी पडेना, भुवई हलेना.

"असलो शांत असुर कोण बघतलो?" नाटक कंपनीचे मालक आप्पा ओरडले. "पोरां भियाली नाय, तर फुडच्या नाटकात तू नारद!"

भर दुपारी उमाकांत मंचावर आला. त्याने डरकाळी फोडली, डोळे गरागरा फिरवले, आणि कपाळ मात्र दगडासारखं थंडगार! त्या न हलणाऱ्या कपाळालाच भिऊन पुढे बसलेली पोरं किंचाळत आयांच्या पदरात शिरली. झांजा कडाडल्या, तरी तो टिकला. शेवटी छातीला त्रिशूळ लागला, उमाकांत धाडकन पडला आणि खुदुखुदू हसायलाच लागला.

देवी झालेला दाजी दात-ओठ खात पुटपुटला, "मेल्या, मर रे आता!"

"थांब रे जरा," उमाकांत म्हणाला, "पयल्यांदाच मरतंय!"