खुलं कॅलेंडर

आमच्या प्रयोगशाळेचं कॅलेंडर कुणालाही बदलता येतं. मोठ्या साहेबांशी माझी भेट ठरली, की आमचे सीनियर माझं नाव खोडून स्वतःचं टाकायचे. वर म्हणायचे, "ताई, तुम्ही परीक्षानळ्या सांभाळा, बोलायचं आमच्यावर सोडा!" माझा नवा गोंदही त्यांनी चाचण्या अर्धवट असतानाच स्वतःच्या नावावर बाजारात पाठवला.

परवा मी नोंद टाकली: 'नव्या गोंदाबद्दल मोठ्या साहेबांची भेट', पुढे माझं नाव. चहा निवायच्या आत तिथे त्यांचं नाव आलं. आज ते नवा कोट चढवून, मिशीतल्या मिशीत हसत केबिनमध्ये शिरले. मी दार हळूच ओढून घेतलं.



आत टेबलावर गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या डब्यांचा ढीग होता, आणि मोठ्या साहेबांना फक्त गोंद कुणाचा तेवढंच विचारायचं होतं.